जीव किती, तेल किती

परभणी जिल्ह्यात संकटात सापडलेल्या माणसानं हाक कशी मारावी हे शास्त्रशुद्ध जाणणारा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा मामा आहे. सेलूच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, सत्तरीला टेकलेला, हातात कायम मोबाइल आणि डोळे कायम आभाळाकडे लावलेला हा गृहस्थ आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नाही. बसायची इच्छाही नाही. "बसल्यावर काय दिसतंय? पुढच्याची खुर्ची दिसती," म्हणतात. पण उडणारं विमान अडचणीत आलं तर वैमानिकानं विमानतळाच्या टॉवरला काय कळवायचं, कोणत्या शब्दात कळवायचं, तो शब्द किती वेळा म्हणायचा आणि कोणता आकडा लावायचा, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. झोपेतून उठवायची वेळ मात्र कधी येत नाही, कारण ते न विचारताच सांगतात. बँकेच्या रांगेत सांगतात, न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असताना सांगतात, कुणाच्या मयतीला गेले तर तिथंही लिंबाखाली दोघातिघांना धरून सांगतात. मी त्यांच्यापुढे कधीच हात टेकले आहेत. त्यांच्यावर एकदा हसत हसत लिहावं असं फार दिवस मनात होतं. आता लिहायला बसलो तर मामी आठवतात. मामी म्हणजे त्यांची बायको. सगळ्या जगाच्या हाका ऐकायला बसलेल्या या माणसाच्या घरात मामी दोनेक वर्षं हाक मारत होत्या, आणि ती त्यांना ऐकू आली नाही. मलाही आली नाही. तेव्हा हसू येईल तिथं हसा, मीही हसणार आहे, पण हे कुठं जाऊन थांबणार ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मामांची शाळा अशी. प्रत्येक विमानाला टॉवरनं दिलेला चार आकड्यांचा एक नंबर असतो. तो वैमानिक आपल्या यंत्रात लावतो आणि टॉवरच्या पडद्यावर विमानाच्या ठिपक्याशेजारी तो दिसतो. या आकड्यांत आठ आणि नऊ नसतात. "आकाशात आठ-नऊ न्हाईतच, जावईबापू. सातालाच गणती संपती," हे वाक्य मामा अशा थाटात म्हणायचे की जणू ही व्यवस्था त्यांनीच लावून दिली आहे. मग तीन खास नंबर. सात-सात-शून्य-शून्य म्हणजे संकट. सात-सहा-शून्य-शून्य म्हणजे वायरलेस बंद पडला, आमचं तुम्हाला आणि तुमचं आम्हाला ऐकू येईना. आणि सात-पाच-शून्य-शून्य म्हणजे विमान कुणीतरी ताब्यात घेतलंय, बंदूकवाला शेजारीच उभा आहे, तोंडानं बोलायची सोय नाही, म्हणून नुसता आकडा फिरवतोय, समजून घ्या. हे तिन्ही नंबर मामांनी संसाराला लावले. मामी रुसून बोलेनाशा झाल्या की मला परभणीला मोबाइलवर संदेश यायचा, "७६००, सकाळपासून." मामींच्या थोरल्या बहीणबाई आठ दिवस मुक्कामाला आल्या की नुसता आकडा यायचा, "७५००." त्या बाईंचा आवाज आणि एकूण हुकमत पाहता तो नंबर अगदी योग्य होता असं मीही म्हणेन.

शब्दांचं शास्त्र याहून कडक. जिवावरच बेतलं असेल तर 'मेडे' हा शब्द, तोही तीनदा. जिवावर बेतलं नाही पण थांबायलाही वेळ नाही, तर 'पॅन-पॅन', तेही तीनदा. तीनदा का, तर एकदा म्हटलं तर भास वाटतो, दोनदा म्हटलं तर शंका येते, तिसऱ्यांदा म्हटलं की ऐकणारा उठून उभा राहतो. दोन्ही शब्द मूळचे फ्रेंच आहेत ही माहिती मामा शेवटी पुरवायचे, आणि समोरचा दबून जायचा. त्यानंतर आपण कोण, कुठं आहोत, काय झालंय, काय करायचा विचार आहे हे सांगायचं. आणि मग टॉवर दोन प्रश्न विचारतो. विमानात जीव किती? तेल किती उरलंय? मामांना या प्रश्नांचं भारी कौतुक. "बगा, माणसं किती असं इचारत न्हाईत. जीव किती म्हणतेत. कुणी साहेब असू द्या न्हाईतर पाळण्यातलं लेकरू, एक जीव." त्यामुळे मी फोन उचलला की नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिलं वाक्य, "हां, जीव किती, तेल किती?" मी म्हणायचो, "चार जीव, मामा. गॅस अर्धा सिलिंडर." "रॉजर," म्हणजे वैमानिकांच्या भाषेत 'ऐकलं, समजलं', असं म्हणून ते मूळ विषयाकडे वळायचे, आणि मूळ विषयही विमानच असायचा.

पण मामांचं खरं वैर होतं ते 'जरा' या शब्दाशी. आपल्याकडचा माणूस कुठलंही संकट 'जरा'मध्ये गुंडाळल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात नेत नाही. जरा ताप हाय, म्हणजे चार दिवस डोळा उघडलेला नाही. जरा पाणी आलंय, म्हणजे धान्याच्या कोठ्या तरंगायल्या आहेत. जरा बोलाचाली झाली, म्हणजे डोकी फुटली आहेत. मामा म्हणायचे की मराठवाड्याचं वाटोळं या एका शब्दानं केलंय. त्यांचं सांगणं असं की विमानाचं तेल संपत आलं आणि वैमानिकानं नुसतं 'आम्हाला जरा लवकर उतरवा' म्हटलं, तर ते संकट धरलं जात नाही. "टॉवरला येणारं प्रत्येक विमान जरा लवकरच म्हणतंय. टॉवर म्हणणार, थांबा लायनीत. ह्यानं 'मेडे, तेल' असं सोच्छ म्हणायलाच पायजे. म्हणलंच न्हाई तर टॉवरला काय सपान पडतंय?" हे मी त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं आहे. टॉवरला काय सपान पडतंय, असं म्हणून ते दोन्ही हात उलटे करायचे.

या वैरापायी शेजाऱ्याचं घर जळता जळता राहिलं. शेजारी शेतकरी, भाव वाढेल या आशेनं पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून बसलेले. एका सकाळी ते कुंपणापाशी आले आणि आपल्या रीतीप्रमाणे हळूच म्हणाले, "मामा, जरा येता का? जरा धूर निघायलाय." मामा जागचे हलले नाहीत. "जरा म्हंजी किती? आधी ठिकाण सांगा." "अवो, घरातच की. पुढच्या खोलीत." "जीव किती?" "जीव कशाचे, मामा, कापूस पेटलाय!" "आं! हे आधी म्हणायचं. आता तीनदा म्हणा." त्या सज्जन माणसानं खरोखर तीनदा म्हटलं, आणि मग मामा बादल्या घेऊन असे धावले की सगळ्या गल्लीच्या आधी पोचले. आग विझली. दोन गाठोडी कापूस, दाराची चौकट आणि शेजाऱ्यांची डावीकडची मिशी एवढंच गेलं. शेजारच्या काकू, म्हणजे त्या शेतकऱ्याची बायको, पुढं कित्येक दिवस मामींच्या ओसरीवर बसून नवऱ्याच्या त्या अर्ध्या मिशीवर हसायच्या. दोघींची गट्टी जुनी. पापड एकीच्या अंगणात, कुरड्या दुसरीच्या.

चारठाण्याच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या नात्यागोत्यात अजून सांगतात. मामांच्या पुतणीचं लग्न. मुलीकडचे म्हणून पंगतीची देखरेख मामांकडं. मांडवात जमिनीवर दोन लांबच लांब पंगती बसलेल्या, आणि पूर्वेकडच्या पंगतीत बुंदी वाढून झाली तेवढ्यात भात संपला. दुसरं पातेलं चुलीवरून उतरायला अवकाश होता. दुसरा कुणी असता तर आत जाऊन आचाऱ्याच्या कानात कुजबुजला असता. मामांनी मंगलाष्टकांचा माइक उचलला. "पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन! पूर्वेची पंगत. भात संपलाय. शंभर जीव." कर्ण्यातून त्यातलं पहिलंच काय ते स्पष्ट ऐकू आलं. विड्याची तबकं घेऊन मांडवाच्या टोकाला बसलेले मुलाकडचे एक म्हातारे गृहस्थ, कानानं आधीच मंद, दचकून उठले. त्यांना वाटलं पान मागवलंय, आणि तेही एवढ्या तातडीनं. त्यांनी पूर्वेच्या पंगतीत धडाधड विडे वाटले. विडा हातात आला म्हणजे जेवण आटोपलं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. शंभर वऱ्हाडी एकमेकांच्या तोंडाकडं बघत, अर्ध्या पोटी, हात धुवायला उठले. त्याच वेळी वाफाळता भात घेऊन वाढपी आले, आणि समोर पत्रावळ्याच तेवढ्या बसलेल्या. मुलाच्या काकांनी जो आवाज लावला, तो मिटवायला दुपारचे चार वाजले. मामांना या प्रकरणात स्वतःची चूक शेवटपर्यंत सापडली नाही. "शब्द बरोबर व्हता. ऐकणाराला ट्रेनिंग न्हाई, त्याला मी काय करू?"

परतताना जीपमध्ये मामी हसत होत्या. मामी एरवी पदर तोंडाला लावून हसणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांना आवरेना. हसता हसता त्यांना एकदम धाप लागली. त्यांनी जीपच्या दाराला धरलं, ओठ मिटले, आणि म्हणाल्या, "जरा थांबवा हो गाडी. जरा दम लागलाय." आम्ही थांबलो. त्या उतरून दगडावर बसल्या, चांगली दहा मिनिटं बसल्या. हसून हसून दम लागला, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. मामा तेवढ्यात जीपच्या टपावर मोबाइल धरून बंगळूरच्या विमानाचा ठावठिकाणा बघत होते. मी पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो, "मामी, मामांचं असंच चालू राहिलं तर हसून हसून मराल एखाद्या दिवशी." माझं हे वाक्य मला आठवतं. आठवलं की मी ज्या खोलीत असेन त्या खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत जातो.

तो मोबाइलवरचा विमानांचा नकाशा त्यांना मीच लावून दिला होता. त्याचीही हकीकत आहे. मामा मूळचे ट्रंक कॉलचे ऑपरेटर. साधा, अर्जंट आणि लायटनिंग, असे कॉलचे तीन प्रकार असायच्या काळातले. लायटनिंग लावला की बाकीच्या सगळ्या ओळी बाजूला सारून तो पुढं जायचा. सेलूत कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगा झाला, कुठल्या जिनिंगात माणसाचा हात सापडला, सगळं आधी मामांच्या कानातून जायचं. "कानाला डबा लावला की आवाजावरूनच मालूम व्हायचं, ह्या माणसाला साधा कॉल पुरणार न्हाई," असं ते सांगायचे, आणि ते खरंच असणार, कारण जुने लोक अजून त्यांना त्यासाठी मानतात. मग यंत्रं आली, ज्याचा त्याचा नंबर जो तो फिरवू लागला, आणि मामांना कोपऱ्यातल्या टेबलावर कागद लावायला बसवलं. तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मामा भिंतीकडं तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. एका दिवाळीत मी गेलो तेव्हा मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, चुलीकडं बघतच म्हणाल्या, "जावई, ह्यांचं कशात तरी मन गुंतवा हो. असं बघवंना गेलंय." मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांच्या मोबाइलवर मी तो नकाशा लावून दिला. डोक्यावरून कुठलं विमान चाललंय, कुठून कुठं, किती उंचावर, सगळं दिसतं. जगात कुठंही एखाद्या विमानानं संकटाचा आकडा लावला तर घंटाही वाजते. मामा तासभर तो पडदा बघत बसले. मग गच्चीवर गेले आणि जेवायला हाक मारली तरी खाली येईनात. मामींनी खालून वर बघितलं आणि माझ्या हातावर दुसरा लाडू ठेवला. मी मोठी कर्तबगारी केली असं मला वाटत होतं.

गच्चीचा टॉवर झाला. प्लास्टिकची खुर्ची, फाटकी छत्री, पाण्याचा तांब्या. मे महिन्यात सेलूत कावळासुद्धा दुपारी बाहेर पडत नाही, तेव्हा हा माणूस वर बसलेला असायचा. आणि घंटा वाजली की त्यांचं अन्नपाणी सुटायचं. परक्या देशाचं विमान, परक्या समुद्रावर, वाचले काय आणि न वाचले काय, मामांचा त्यात कुणी लागत नव्हता. पण ते विमान जमिनीला टेकेपर्यंत मामा खुर्चीवरून हलायचे नाहीत. टेकलं की खाली येऊन म्हणायचे, "उतरलं बगा सुखरूप." आणि मामी मुकाट्यानं शिऱ्याला रवा भाजायला घ्यायच्या. या वेडाची मी थट्टा केली, अजूनही करतो. पण इतक्या लांबच्या, नाव-गाव माहीत नसलेल्या जिवांसाठी उपाशी बसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, हेही तितकंच खरं.

अशाच एका घंटेच्या दिवशी मामींना परभणीला डॉक्टरकडं यायचं होतं. मीच नंबर लावून ठेवला होता. जिना चढताना दम लागतो, पाय जरा सुजतात, जरा दाखवून येऊ, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. सकाळच्या गाडीनं दोघं निघणार होते. मी स्टेशनवर जाऊन उभा राहिलो, गाडी आली, गेली, हे दोघं उतरले नाहीत. फोन केला तर मामींनी घेतला. "अवो, कुठलं तरी इमान अडकलंय म्हणं आखातात. हे वर बसलेत. आता कुठं उठवता त्यांना?" मी म्हणालो, "मामी, तुम्ही एकट्या तरी या." "जाऊ द्या, जावई. मला काय धाड भरलीय? जरासंच तर हाय. पुढल्या आठवड्यात बघू." मी चिडलो, पण मामांवर चिडलो. मामींना काही विचारलं नाही. पुढल्या आठवड्यात लिंबाच्या लोणच्याचं निघालं, त्याच्या पुढल्या आठवड्यात बहीणबाई आल्या, आणि मग तो नंबर तसाच राहून गेला.

त्यानंतर चारेक महिन्यांनी, शाळेत पहिला तास चालू असताना मामांचा फोन आला. मी भूगोल शिकवतो. तास चालू असताना फोन घेत नाही, पण का कोण जाणे, घेतला. जीव किती, तेल किती, असलं काहीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "जावईबापू." थोडं थांबून पुन्हा, "जावईबापू, ही..." आणि पुढं शब्दच फुटेना. मी विचारलं, कुठं, काय झालं, शुद्धीवर आहेत का. सगळ्या सेलूला ज्यानं हाक मारायला शिकवलं त्या माणसाला एकही धड वाक्य जमत नव्हतं. शेवटी फोन शेजारच्या काकूंनी घेतला. मामी नळावर घागर भरताना खाली बसल्या होत्या आणि उठल्या नव्हत्या.

परभणीच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. नाकाला नळी लावल्यावर दुसऱ्या दिवशी त्या बोलू लागल्या. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आजी, दम लागायला कधीपासून सुरुवात झाली?" मामींनी छताकडं बघून हिशेब केला. "चारठाण्याच्या लग्नाच्या आदल्या संक्रांतीपासून बगा. दोन वर्सं झाली असतील." डॉक्टरांनी मामांकडं पाहिलं. मामा खाटेचा लोखंडी दांडा धरून उभे होते. म्हणाले, "आन् मला कामून न्हाई सांगितलं?" आवाजात राग नव्हता, पण मोठा निघाला. मामींना त्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "सांगितलं की. रोज तर सांगत व्हते. जरा दम लागायलाय, जरा पाय जड झालेत, जरा गच्चीवरून कपडे काढून आणता का. तुमी रॉजर म्हणायचे." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, दमल्या होत्या. यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मामांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.

हृदयाची झडप गेली होती आणि हृदय थकलं होतं. वर्षभरापूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टरांनी बाहेर घेऊन मला सांगितलं. मामा माझ्या मागंच उभे होते हे मला नंतर कळलं. गोळ्यांची पिशवी घेऊन मामींना घरी आणलं, आणि पुढचे तीन महिने त्या घरात मी जे बघितलं ते मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. मामांनी गच्ची सोडली. खुर्ची खाली आणून मामींच्या खाटेशी लावली. तासातासाला विचारायचे, "कसं वाटायलंय?" आणि आता मामी म्हणायच्या, "बरं हाय." ओठ निळे पडलेले असायचे, उशीला टेकून बसल्याशिवाय श्वास घेता यायचा नाही, आणि "लय बरं हाय आज," म्हणायच्या. मामा त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचे. एकदा मला ओसरीवर नेऊन म्हणाले, "खोटं सांगायलीय ती. आता मी ऐकायला बसलोय, तर आता ती सांगंना गेलीय. काय करू मी?" मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा एवढंही सुचलं नाही. कधी कधी मामीच त्यांना वर पिटाळायच्या. "जा की जरा गच्चीवर. दोनचं इमान जायची येळ झाली." मामा उठायचे, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून राहायचे, आणि दहा मिनिटांनी खाली येऊन सांगायचे, "गेलं बगा, येळेवर गेलं." मामी मान हलवायच्या. दोघंही एकमेकांना फसवत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मामी एका मंगळवारी सकाळी गेल्या. मामा शेजारीच होते. हात हातात होता, असं ते म्हणाले.

चौदाव्याला पाहुणे पांगल्यावर मामांनी नवीनच सुरू केलं. भेटेल त्या बाईला थांबवून विचारू लागले, "तुमाला ती काय म्हणली व्हती का? दुखण्याचं? कधी काय सांगितलं व्हतं का?" आधी मला वाटलं, दुःखानं होतं असं, चार दिवसांत जाईल. पण ते पद्धतशीर चाललं होतं. भाजीवाली झाली, पिठाची गिरणी झाली, बांगड्यावाली झाली. बायका बिचाऱ्या पदराला डोळे पुसत न्हाई म्हणायच्या, आणि मामा "बरं" म्हणून पुढल्या दारात. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. मामींनी दुसऱ्या कुणाला नीट, पुऱ्या शब्दांत सांगितलं होतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नसेल सांगितलं, तर ऐकू न येणारे ते एकटेच नव्हते. सांगितलं असेल, तर मग त्यांनाच का नाही, हे शोधायचं होतं.

शेजारच्या काकूंनाही त्यांनी विचारलं. काकूंनी मान हलवली, नाही म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी परभणीला निघालो तेव्हा काकूंनी मला कुंपणापाशी थांबवलं. मामा आत पिशवी भरत होते. काकू हळूच म्हणाल्या, "जावई, तुमाला म्हणून सांगते. मला ठावं व्हतं. पाय सुजायचे ते मला दावायची. रातीची बसून काढायची. मी लय डाव म्हणलं, बाई, ह्यांना सांग, धड सांग. तर म्हणायची, नगं. वरीसभर भिंतीकडं बघत बसले व्हते, आता कुठं माणसात आलेत. वर बसतेत, खुशीत असतेत. मी आजारी हाय म्हणलं तर खाली उतरतेल अन् परत कधी चढणार न्हाईत. शपथ घातली व्हती मला. म्हणून रोज त्यांच्या कानावर तेवढं जरा-जरा घालायची. कळलं तर कळलं, न्हाई कळलं तर राहिलं." आणि काकू रडू लागल्या.

मामा मला सोडायला स्टेशनपर्यंत आले. वाटेत म्हणाले, "त्या काय म्हणत व्हत्या कुंपणापाशी?" मी भूगोलाचा मास्तर. एवढी वर्षं पोरांना सांगत आलो की उत्तर येत असेल तर हात वर करा. मी म्हणालो, "काही नाही मामा. मामींच्या लोणच्याचं म्हणत होत्या." मामा थोडं चालले. "हां. हात चांगला व्हता तिचा," म्हणाले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसून राहिलो.

सांगायला हवं होतं का, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारतो. सांगितलं तर उरलेल्या आयुष्यात त्यांना मान वर करून बघता येणार नाही. नाही सांगितलं तर ते दारोदार विचारत राहणार. दोन्हीकडून मरण त्यांचंच आहे, आणि मला त्यांची फार माया आहे, आणि माझ्यात ते धैर्य नाही. परवा त्यांचा फोन आला होता. आवाज बरा वाटला, कामात असलेल्या माणसाचा वाटला. सेलूतली घरं जवळजवळ संपली म्हणाले. एक दूधवाली आहे, तिचं लग्न होऊन ती गंगाखेडला गेलीय, मामींशी तिचं फार जमायचं, तेवढी एक राहिली आहे. रविवारी बसनं जाऊन येतो म्हणाले. "तिला काय सांगितलं असंल का हो, जावईबापू? तुमाला काय वाटतंय?"

मी म्हणालो, "विचारून बघा, मामा."